कांबळे मिस्त्रींचा पंखा

माझं अक्षर किरटं आहे. ऱ्हस्व-दीर्घ कुठं द्यायचं ते चौथीनंतर मला कुणी विचारलं नाही, त्यामुळं तेही तसंच राहिलं. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्यात आणि वही होती तिथं ठेवावी.

कांबळे मिस्त्रींबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात आहे. घरात त्यांची आठवण निघाली की पुरुष माणसं ट्यूबची गोष्ट सांगून हसतात आणि विषय तिथंच संपतो. ट्यूबची गोष्ट खरी आहे. पण माणूस तेवढाच नव्हता.

आमची वाडी गगनबावड्याच्या बाजूला, धरणाच्या पाण्याच्या पलीकडच्या अंगाला. समोरच्या काठावरचा डांबरी रस्ता, दवाखाना, दूध संस्था सगळं डोळ्यांना दिसायचं, पण तिथं जायचं तर पाण्याला वळसा घालून एकवीस किलोमीटर. म्हणून वाडीतलं दूध घरातच विरजायचं आणि आठवड्याच्या बाजाराला लोणी जायचं. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास आमच्या मालकांनी दोन दुभत्या म्हशी विकल्या आणि मालवणकडच्या एका माणसाकडून वापरलेली लाँच आणली. फायबरची होडी आणि तिच्या मागं टांगायचं पंचवीस घोड्यांचं इंजिन. वाडीतल्या सोळा घरांनी आमच्या लाँचनं दूध पाठवायचं कबूल केलं. समोरून दुधाची गाडी सातला सुटायची. कॅन चढणीनं वर न्यायला दहा मिनिटं लागायची. म्हणजे सातला दहा कमी असताना लाँच काठाला लागायला हवी होती.

मालवणला चार माणसं बसवून त्या माणसानं लाँच पळवून दाखवली, तेव्हा ती नुसती उडत होती म्हणे. आमच्या पाण्यात तिला अडतीस मिनिटं लागायला लागली. आम्ही निघायचो सहा पंचविसाला. त्याच्या आधी निघावं तर माणसं लवकर उठतात, पण म्हैस पान्हा आपल्या वेळेलाच सोडते. पहिल्या आठवड्यात चार दिवस दूध परत आलं. वाडीतल्या बायका कॅनचं झाकण उघडून वास घ्यायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. संस्थेच्या चेअरमननी निरोप धाडला की महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर तुमच्या वाडीचं नाव काढू. म्हशी गेल्या होत्या, आणि आता लाँचही बिनकामाची होऊन काठाला पडणार असं दिसायला लागलं.

मालकांचं म्हणणं एकच होतं, मालवणवाल्यानं फसवलं. आमचे धाकटे दीर बाळूभावजी म्हणायचे, त्यानं इंजिनच बदलून दिलंय. दोघं मालवणला जाऊन भांडण काढायच्या बेतात होते. तेवढ्यात गडमुडशिंगीच्या मामांनी सांगितलं, भांडायला कधीही जाता येतं, आधी आमच्या कांबळे मिस्त्रींना दाखवा. मिस्त्रींनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीस वर्षं पंपांचं काम केलेलं आणि मामांच्या विहिरीवरची मोटार तेच बघायचे. लाँचचा मिस्त्री काही कोल्हापुरात मिळणार नव्हता. मालक म्हणाले, पाण्याचंच यंत्र ना, बघू दे.

मिस्त्री एसटीनं समोरच्या काठाला उतरले आणि आमचीच लाँच त्यांना आणायला गेली. मी काठावर धुणं धूत होते. लाँच जवळ आली तेव्हा दिसलं, बारीक अंगाचा, पन्नाशी ओलांडलेला माणूस, पांढरा सदरा, खाकी पँट, आणि कमरेभोवती टेंपोच्या चाकाची फुगवलेली ट्यूब. ती त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. बाळूभावजी हसून लोटपोट. विचारलं, "मिस्त्री, पाण्याचं काम करतासा आन पाण्याला भितासा?"

"पाणी वर चढवायचं काम हाय माझं," मिस्त्री म्हणाले. "आत उतरायचं कुणी शिकवलं न्हाई."

खाली उतरून त्यांनी ट्यूब काढली, नीट पुसली आणि आमच्या आंब्याच्या फांदीला अडकवली. मग पिशवीतून स्वतःचा जर्मनचा मग काढला. सासूबाईंनी त्यात चहा वरून ओतला. ते जिथं कामाला जात तिथं तो मग बरोबर नेत. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही, हे खरं तेच लिहिते.

मला वाटलं होतं मिस्त्री आला की पाने काढून इंजिन खोलायला बसेल. त्यांनी त्याला हातही लावला नाही. इंजिन चालू करायला लावलं, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं आणि मूठ कानाला लावून डोळे मिटून बसले. बराच वेळ. मग म्हणाले, इंजान धडधाकट आहे, खोलायचं काही कारण नाही. मालकांचा चेहरा पडला. इंजिन खराब निघालं असतं तर मालवणवाल्याला धरता आलं असतं.

नंतर त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. कोण बसतं, किती कॅन, तेल कुठलं, वारा कुठून. पुरुष माणसं सगळी एकदम बोलत होती आणि प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. मिस्त्री ऐकत शेंगदाणे आणि गूळ खात होते. मध्येच त्यांनी विचारलं की रोज सकाळी होडीतलं पाणी कोण काढतं. मालक म्हणाले, घरातली काढतात.

"मग त्यास्नी बोलवा की."

मी दाराच्या मागंच होते. पुढं आले आणि चौकटीला टेकून उभी राहिले. मिस्त्रींनी घाई केली नाही. माझ्याकडं न बघता, मगाच्या तळाकडं बघत विचारलं, "वैनी, किती बादल्या काढतासा?"

मी सांगितलं, अकरा. आणि एकदा तोंड उघडलं तसं दुसरंही सांगून टाकलं, जे इतके दिवस कुणी विचारलं नव्हतं. वरचं पाणी काढून होडी कोरडी केली आणि काठावर ओढली, तरी मागच्या बारीक भोकातून थेंब थेंब पाणी येतच राहतं. दिवसभर. आणि ते खारट लागतं.

मालक म्हणाले, "खारट? तुला कसं कळलं?"

मी खाली बघून म्हटलं, "चाखलं."

सगळे हसले. मिस्त्री हसले नाहीत. ते उठले, मागच्या भोकाशी गेले, बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. मग मालकांना म्हणाले, धरणाचं पाणी गोडं, मग हा समुद्र तुमच्याकडं कुठनं आला? होडीला दोन तळ असतात आणि मधल्या पोकळीत हलकं, स्पंजासारखं काहीतरी भरलेलं असतं, ते त्यांना माहीत नव्हतं. पण समुद्राचं पाणी आत राहिलंय म्हणजे आत जागा आहे, एवढं त्यांनी ओळखलं. खालच्या बाजूला गिरमिटानं दोन भोकं पाडली. दुपारपासून दिवस मावळेपर्यंत पाणी येत होतं. तीन दिवस होडी उन्हात कलती ठेवली. आधी ढकलायला सहा माणसं लागायची, नंतर चौघांत सरकायला लागली.

जाताना मिस्त्रींनी मला आपलं किल्लीचं घड्याळ दिलं आणि एक पाठकोरी वही. दूध घालायला मी लाँचमधून जातच होते. निघायची वेळ, पोचायची वेळ आणि त्या दिवशी काय वेगळं केलं ते लिहायचं, असं सांगितलं. मी म्हटलं, मला लिहायला नीट येत नाही. ते म्हणाले, मला वाचता आलं म्हणजे झालं. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "एका टायमाला एकच बदलायचं. दोन बदलली तर मला बोलवू नका."

भोकं बुजवून लाँच पाण्यात सोडली. मी वहीत लिहिलं, तेहतीस मिनिटं. पाच मिनिटं कमी झाली होती, पण गाडी मिळत नव्हती.

पुढच्या खेपेला मिस्त्रींनी इंजिनच्या खाली पाण्यात फिरतो तो पंखा बघितला. त्याची पाती कडेनं खाल्लेली, एक किंचित वाकलेलं. पंपाचा पंखा असा झाला तर पंप पाणी फेकत नाही, हे त्यांचं रोजचं काम. त्यांना खात्रीच वाटली. नवा पंखा मालवणहून मागवायचा तर साडेअठराशे रुपये, आणि आमच्या घरात तेव्हा साडेतीनशेही नव्हते. मिस्त्रींनी आपल्या खिशातून पैसे धाडले. म्हणाले, चालू झाली की बघू.

पंखा आला त्या दिवशी ते मुक्कामाला राहिले. संध्याकाळी पंखा बसवला आणि सकाळी दुधाबरोबर स्वतः यायचं ठरवलं. भरलेल्या लाँचमधून ते पहिल्यांदाच येणार होते. पंख्यापासून जितकं लांब तितकं बरं म्हणून त्यांना नाकाशी बसायचं होतं, आणि ट्यूबसकट बसायचं होतं. तिथं नेहमी कॅन असायचे, पलीकडं उतरवायला सोपे पडतात म्हणून. बाळूभावजींनी पहाटेच, मिस्त्री तोंड धूत होते तेव्हा, सगळे कॅन मागं सरकवून त्यांच्या ट्यूबला जागा केली.

त्या दिवशी अठ्ठावीस मिनिटं लागली. निम्मे कॅन धावत वर नेले ते गाडीला मिळाले, निम्मे राहिले. तरी मालकांना इतका आनंद झाला की त्यांनी तिथंच टपरीवर सगळ्यांना चहा-भजी दिली. पंख्याची तारीफ चालली होती. मिस्त्रीसुद्धा खूष होते, त्यांनी भजी मागून घेतली.

मी वही घेऊन बाजूला बसले होते. मला आठवलं, कॅन मागं होते. आज दोन गोष्टी बदलल्या होत्या. सगळे एवढे आनंदात, पंखा मिस्त्रींच्या पैशाचा, त्यात मी बाईमाणूस काय बोलणार. बोलले नाहीच. पण वही त्यांनी मला खरं लिहायला दिली होती. मी आकड्यापुढं लिहिलं, "आज कॅन मागं होते. पंखा पण नवा."

परत आल्यावर मिस्त्रींनी वही मागितली. वाचली. पुन्हा वाचली. मग बाळूभावजींना विचारलं की कॅन रोज कुठं असतात. भावजी म्हणाले, नाकाशी, तुमच्या ट्यूबसाठी आज हलवले. मिस्त्री मालकांना म्हणाले, "जुना पंखा परत घाला."

मालक चिडले. "अवो, चाललीया की बरी. आता मागं कशाला?"

"कशानं चाललीया ते कळलं न्हाई."

"ते कळून काय करायचं?"

"निम्मं दूध अजून परत येतंय न्हवं? मग ऱ्हायलेलं कुठं शोधायचं ते कळाय नगो?"

दुसऱ्या सकाळी जुना खाल्लेला पंखा आणि कॅन मागं. अठ्ठावीस मिनिटं. तीच.

मिस्त्री काठावर उतरले, ट्यूब काढली आणि तिच्यावरच बसले. मग म्हणाले, "पंखा ही माझी चूक. मी पंपाच्या डोळ्यानं बघितलं." आयुष्यात मी पुरुष माणसांना पुष्कळ चुका करताना बघितलं, पण चारचौघांत असं सांगताना तोवर बघितलं नव्हतं.

चूक सांगून झाली आणि ते लगेच कामाला लागले. कॅन मागं गेल्यानं लाँच पळाली, म्हणजे तिचं नाक पाण्यात घुसत होतं. मग नाक आणखी कशानं घुसतंय? ते मागं जाऊन बसले. इंजिन ज्या पट्टीवर टेकतं तिला ओळीनं भोकं असतात आणि त्यातल्या एकात लोखंडी खीळ असते. खीळ सगळ्यात आतल्या भोकात होती. त्यांनी विचारलं ही इथं कुणी घातली.

मालक म्हणाले, "मीच. आणली तवा बाहेरच्या भोकात हुती. म्हटलं जरा खोल लागू दे, जोर येईल."

मिस्त्री मालकांकडं बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, "पाटील, नांगर हाय व्हय ह्यो?"

काठावर जमलेले सगळे शेतकरीच होते. एवढा मोठा हशा त्या काठानं कधी ऐकला नसेल. मालक आधी लाल झाले आणि मग तेही हसायला लागले. खीळ आत घेतली की इंजिनचा पाय होडीच्या पोटाखाली जातो आणि मागून ढकलायच्या ऐवजी शेपूट वर उचलून नाक खाली दाबतो, असं मिस्त्रींनी हाताचा पंजा करून दाखवलं. नांगराला जे बरोबर ते इथं उलटं. खीळ मात्र त्यांनी स्वतः हलवली नाही. मालकांना दिली आणि म्हणाले, तुमच्या हातानं दोन भोकं बाहेर घ्या.

सकाळी नाक उचलून लाँच निघाली तेव्हा मागं पाण्याची रेघ सरळ पडत होती. एकवीस मिनिटं. कॅन वर गेले तेव्हा गाडीचा ड्रायव्हर अजून चहा पीत होता. त्या दिवशी सोळा घरांचं सगळं दूध गेलं. संध्याकाळी वाडीतल्या बायका काठावर आल्या, रिकाम्या कॅनांत डोकावल्या आणि एकमेकींशी नेहमीसारख्या मोठ्यानं बोलायला लागल्या. मालवणवाल्याला शिव्या देणंही आमच्या घरात बंद झालं.

त्या दिवशी मी मिस्त्रींचा चहा आमच्या घरातल्या कपात ओतला आणि बशीसकट त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी मगाकडं हात नेला होता, तो तसाच थांबला. सासूबाई चुलीपुढून बघत होत्या. मिस्त्रींनी कप उचलला, बशीत ओतला आणि फुर्र आवाज करत प्यायले. म्हणाले, साखर जास्त झालीय. पुढं ते आले की त्यांचा मग पिशवीतच राहायचा.

आता पैशांचं. मालक त्यांना म्हणाले, पंख्याचे साडेअठराशे आम्ही फेडू, थोडी सवड द्या. मिस्त्रींनी मजुरी घेतली, एसटीचं भाडं घेतलं, पण पंख्याचे पैसे घ्यायला ते तयार होईनात. पंखा लागलाच नव्हता, चूक माझी, पैसे माझे, असा त्यांचा हिशेब. मालक म्हणाले, मग पंखा घेऊन जा. तर म्हणाले, घरात काय छताला लावू? दोघं भांडायला आले. शेवटी पंखा गोणपाटात गुंडाळून आमच्या माळ्यावर पडला.

दुसऱ्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं आणि बुडालेल्या जुन्या आमराईची खोडं वर आली. त्यातल्या एकावर जुना पंखा आपटून दोन पाती मोडली. माळ्यावरचा पंखा काढून तासाभरात लाँच चालू केली. एकही दिवस दूध चुकलं नाही. मालकांनी मामांकडं नुसतं सहज सांगितलं. तिसऱ्या दिवशी मिस्त्री ट्यूब घेऊन हजर. पंखा नीट बसलाय का बघितलं, मला बसवून वेळ लिहायला लावली आणि खाली उतरल्यावर मालकांना म्हणाले, "आता पंख्याचं काम झालं. आता पैसे घीन."

आम्ही फेडत राहिलो. दिवाळीला दोनशे, उसाचं बिल आलं की तीनशे. मध्ये आमच्या धाकट्या लेकीचं लग्न निघालं तेव्हा दोन वर्षं काही देता आलं नाही. मिस्त्री लग्नाला आले, जेवले, आहेर केला आणि पैशाचा शब्द काढला नाही. पुढं पाण्यावर पूल झाला आणि दुधाची गाडी थेट वाडीत यायला लागली. लाँच मासेवाल्यांना विकली. अजून साडेतीनशे द्यायचे होते. मालकांना एवढ्या उशिरा तोंड दाखवायची लाज वाटत होती, म्हणून मला म्हणाले, तू जा.

मी एकटी कधी गडमुडशिंगीला गेले नव्हते. कोल्हापूरला गाडी बदलली, दोघांना विचारलं आणि पोचले. मिस्त्री दारातच बसले होते, पुढं कुणाची तरी पाण्याची मोटार. केस सगळे पांढरे झालेले. हात थरथरत होता, म्हणून स्क्रू ड्रायव्हर दोन्ही हातांनी धरून कानाला लावला होता. आत भिंतीवर बुद्धांची तसबीर, तिला ताजा हार. मला बघून त्यांनी बोटानं थांबा अशी खूण केली. ऐकून झालं तेव्हा म्हणाले, "या वैनी. बसा."

मी रुमालातले पैसे दिले. ते "राहू द्या" म्हणतील असं मला सगळ्या वाटेत वाटत होतं आणि तसं म्हणाले तर काय बोलायचं ते ठरत नव्हतं. पण ते म्हणाले नाहीत. त्यांनी हात पुसले, नोटा घेतल्या आणि थुंकी लावून मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

"ह्ये तीनशे साठ हाईत."

मी म्हटलं, दहा तुमच्या नातीला खाऊला घातलेत. नात उंबऱ्यावर बसली होती.

"मग तिच्या हातात द्या की. ह्यात नगो."

त्यांनी दहाची नोट मला परत केली. मी ती पोरीच्या हातात ठेवली. मिस्त्रींनी साडेतीनशे सदऱ्याच्या खिशात घातले, वरून बटण लावलं आणि म्हणाले, "फिटलं. पाटलांस्नी सांगा, सगळं फिटलं." मग मोटार जवळ ओढून ते पुन्हा कामाला लागले.